बिस्किटांच्या डब्यांतली श्रुती

मला गाता येत नाही हे माझ्या तेराव्या वर्षी ठरलं. आवाज फुटला तो पुन्हा नीट जुळलाच नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, तंजावुरात मराठी कीर्तनं करत. त्यांच्या आधी घरातल्या दोन पिढ्यांनी तेच केलं होतं, म्हणून माझ्याकडूनही तीच अपेक्षा होती. त्यांनी मला आठवडाभर पहाटे समोर बसवून सा लावायला सांगितलं. आठव्या दिवशी तंबुरा माझ्या मांडीवर ठेवला आणि बोटानं आपल्या मागची जागा दाखवली.

त्या जागेवर बसून मी बारा वर्षं श्रुती दिली, म्हणजे मागचा आधाराचा सूर. कीर्तनकार उभा असतो आणि तंबुरेवाला त्याच्या मागे बसतो, त्यामुळे मला अप्पांचं तोंड कधी दिसलं नाही. लोक हसले की कळायचं, अप्पांनी काहीतरी चेहरा केला असणार. मला दिसायच्या त्यांच्या पोटऱ्या, वेष्टीचा, म्हणजे धोतराचा, काचा, आणि पाठीवर उपरण्याखालून पसरत जाणारा घामाचा ओला डाग. तो डाग कुठवर आला यावरून आख्यान किती उरलं हे मला सांगता येई.

दिवसा मी सरकारी कचेरीत कारकून होतो. पण कोणी विचारलं तर मी आधी सांगायचो, अप्पांच्या मागे मी असतो. अप्पांनी माझ्या तंबुऱ्याला कधी नाव ठेवलं नाही आणि कधी चांगलंही म्हटलं नाही. एकदाच, तेही आईशी बोलताना म्हणाले, "हात सरळ आहे याचा. कान कोठे असतो कोण जाणे!" मी आत जेवत होतो. त्यातलं पहिलं वाक्य मी कितीतरी दिवस पुरवून वापरलं, आणि दुसरं ऐकलंच नाही असं स्वतःला समजावलं.

साठ साल उलटल्यावर पापनाशमची माझी आत्या वारली आणि तिचा मुलगा आमच्याकडे राहायला आला. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं सगळं घर त्याला तंबी म्हणू लागलं. दक्षिण वीथीवर रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं, तिथे त्याला काम मिळालं. संध्याकाळी घरी आला की त्याच्या शर्टाला राळेचा आणि वितळलेल्या कथलाचा वास येई. स्वभावानं गरीब. ताटात वाढलेलं सगळं खायचा आणि माझ्या आईला दिवसातून दहा वेळा "मामी, मी आणू का?" विचारायचा. त्याचा राग यावा असं त्याच्यात काहीच नव्हतं, आणि ती माझी मोठी अडचण होती.

आला त्या आठवड्यातच एका सकाळी अप्पा फिल्टरची कापी पीत बसले होते. तंबी म्हणाला, "मामा, तुमचा हा पंखा पंचमात फिरतो की!"

अप्पांनी वर पाहिलं. मग शेजारच्या पाण्याच्या तांब्यावर नखानं टिचकी मारली. "आणि हा?"

"हा तुमच्या षड्जाहून जरा खाली."

"मग काय करावं?"

"घोटभर पाणी पिऊन टाका. येईल वर."

अप्पा खरोखरच एक घोट प्याले, पुन्हा टिचकी मारली, आणि असे हसले की कापी वेष्टीवर सांडली. मग त्यांनी आईला हाक मारून घरातली भांडी मागवली. पितळी पातेलं, वाट्या, इडलीचं भांडं. तंबी एकेक सांगत गेला आणि अप्पा लहान मुलासारखे मांडीवर थाप मारत गेले. मी दारात सायकलला हवा भरत होतो. बारा वर्षांत अप्पांनी माझ्याबरोबर कधी तांबा वाजवला नव्हता.

आता त्या यंत्राविषयी. सगळं माझ्यामुळेच सुरू झालं, हे आधी सांगतो. वसुलीच्या दिवसांत कचेरीतून मला तालुक्याला कॅम्पवर पाठवत. त्या वर्षी दोनदा अप्पांची कीर्तनं माझ्यावाचून झाली. शेजारच्या एका गृहस्थांनी तंबुरा धरला आणि मध्येच झोपी गेले. अप्पा घरी येऊन चिडचिड करत होते. तंबी म्हणाला, "मामा, रेडिओत नको असतो तो सूर आम्ही दिवसभर दाबत बसतो. शिट्टी वाजते, गुणगुण येते. तो हवा तसा धरून ठेवता आला तर? अण्णा गावाला गेला तरी अडणार नाही."

अण्णा म्हणजे मी. माझी सोय म्हणून त्यानं ते मनावर घेतलं.

रविवारी दुपारी मागच्या ओसरीवर त्याचं काम चाले. मोडक्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह, तारेची वेटोळी, बिस्किटांचे रिकामे पत्र्याचे डबे. प्रत्येक डब्याला एक कान पिळायची गुंडी आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या वायरी. पहिल्या डब्याला तो आई म्हणे. मूळ सूर तिथे तयार व्हायचा. दुसरा डबा त्यातून षड्ज काढून घ्यायचा आणि तिसरा पंचम. "पोरांना स्वतःची अक्कल नाही, अण्णा," तो मला समजावून सांगे. "आई चढली की पोरं चढतात, आई उतरली की उतरतात. आपापसांत भांडत नाहीत, हा फायदा."

पण नुसते तीन डबे जोडल्यावर जो आवाज आला तो ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अय्यो, मधमाश्यांच्या पोळ्यात काठी कोणी घातली?" आणि मृदंग वाजवणारे आमचे मामा, ते नात्यानं कोणाचेच मामा नव्हते पण सगळं गाव त्यांना मृदंगमामा म्हणे, ते म्हणाले, "तंबी, या श्रुतीवर डास चांगले गातील."

मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसलो.

तंबी हसला नाही. म्हणाला, "तंबुऱ्याच्या तारेत एकच सूर नसतो. वर पुष्कळ माणसं राहतात. त्यांना आणायला हवं. अण्णा, तू जरा छेडशील?"

मग पाच रविवार मी ओसरीवर बसून तंबुरा छेडला आणि तो तंबुऱ्याच्या फणसाच्या लाकडाला कान लावून, डोळे मिटून ऐकत राहिला. मध्येच म्हणे, "आता, आता वर गंधार बोलला. तू लावलेला नाहीस, तरी तारेतून आपोआप आला. ऐकलास?"

"हो," मी म्हणालो.

मला काही ऐकू आलं नव्हतं. बारा वर्षं तो तंबुरा माझ्या छातीशी होता आणि त्यातला गंधार मला ऐकू येत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. त्यानं मात्र तो पाच रविवारांत ऐकला, मोजला आणि चौथ्या डब्यात भरला. त्या चौथ्या डब्याला सात गुंड्या होत्या. एकेक वरचा स्वर किती मिसळायचा ते तिथून ठरे.

चौथा डबा जोडला त्या दिवशी कोणी विनोद केला नाही. तारेवर बोट पडतानाचा आघात त्यात नव्हता, पण त्यापुढचं सगळं होतं. ओसरी भरून गेली. अप्पा आतून आले, खांबाला टेकून उभे राहिले आणि थोड्या वेळानं त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला. तो कुठे संपला आणि डब्यांचा कुठे सुरू झाला हे सांगता येईना. अप्पांनी डोळे उघडले ते तंबीकडे पाहतच. त्यांचं ते तोंड मी समोरून पाहिलं. माझ्या हातात तंबुरा तसाच होता आणि मी तो छेडायचा थांबलो आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्या यंत्राला एकच खोड होती. चालू केल्यावर व्हॉल्व्ह नीट तापेपर्यंत सूर हळूहळू वर चढायचा. तो इतक्या सावकाश चढायचा की समोर बसलेल्याला कळू नये. तासाभरानं मात्र खुंटी ठोकल्यासारखा स्थिर व्हायचा. अप्पा आणि तंबी यांनी एक अख्खा दिवस शेजारच्या घरची पेटी आणून हे तपासलं. पहिला तास संपला की मग तीन तास तो पेटीच्या सुरापासून केसभरही हलला नाही. अप्पा सगळ्यांना सांगू लागले, "माणूस हलेल, हा हलायचा नाही. तेवढा एक तास द्या त्याला."

रोज पहाटे अप्पा मला उठवत. पायाचा अंगठा धरून हलवत आणि म्हणत, "श्रुती." एवढंच. मग मी उठून तंबुरा घेई आणि ते रियाज करत. तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून, परीक्षेच्या दिवशीसुद्धा. एका सकाळी मला जाग आली ती तोंडावर ऊन आलं म्हणून. आतून अप्पांचा आवाज येत होता आणि त्याखाली ते डबे. मी पडून राहिलो. आई आली आणि म्हणाली, "झोप की अजून. ते म्हणाले, पोर कचेरीत दमतं, झोपू दे."

त्यात प्रेम होतं, हे मला आज दिसतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की मला कोणी उठवलं नाही.

मत्सर म्हणजे राग असं मी समजत होतो. तसं नाही. राग आला की माणूस बोलतो. मी बोलायचं सोडलं आणि मोजायला लागलो. अप्पांनी आज तंबीला किती हाका मारल्या, मला किती. डांगर पच्चडीची शेवटची वाटी कोणाकडे सरकवली. तंबीनं चूक केली की माझा दिवस चांगला जाई. त्यानं एकदा चुकून खाऱ्या ताकात साखर घातली, तेवढ्यावर मी दोन दिवस काढले. आणि तो मात्र दुकानातून येताना माझ्या सायकलची घंटा दुरुस्त करून आणी, कारण ती "जरा बेसूर होती, अण्णा."

रामनवमीच्या उत्सवात राजवाड्यामागच्या गल्लीत दरवर्षी पंदल घालत, म्हणजे झावळ्यांचा मांडव. एका दिवशी दुपारी चारला अप्पांचं कीर्तन असे. त्या वर्षी आदल्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "उद्या तंबीची श्रुती घेऊ." मग माझ्याकडे वळले. "तू पुढे बैस. बारा वर्षं माझी पाठ पाहिलीस, उद्या तोंड पाहा. आणि मग मज सांग, कसं झालं ते."

हे वाक्य मी पुढे किती वेळा आठवलं असेल! त्यांनी माझं मत मागितलं होतं. पण त्या वेळी मला ऐकू आलं ते एवढंच, की उठ तिथून.

तंबीला दुकानातून साडेतीनच्या आधी सुटता येणार नव्हतं. डबे पंदलात न्यायचं आणि चालू करायचं काम त्यानं माझ्याकडे दिलं. "तीनला चालू कर, अण्णा. मी पावणेचारला येऊन लावून देतो. तीन म्हणजे तीन, बरं का. नाहीतर आई मामांना डोंगरावर घेऊन जाईल." तो हसत हसत सायकलवर बसून गेला.

मी अडीचलाच पंदलात पोचलो. डबे मांडले, वायरी जोडल्या, प्लग लावला. तिथे कोणी नव्हतं, हरभऱ्याचं सुंडल विकणारी एक बाई झोपली होती. तीन वाजले. माझ्या मनगटावर घड्याळ होतं, मला नक्की माहीत आहे. मी बटणाकडे पाहत बसलो. विसरलो असतो तर हे लिहावं लागलं नसतं. सव्वातीन झाले. मला वाटत होतं, आता लावीन. साडेतीनला झावळ्यांच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खाली आला होता. मी उठलो आणि चारही डबे त्या उन्हात सरकवून ठेवले.

मला काय करायचं होतं? इतक्या वर्षांनी प्रामाणिकपणे सांगायचं तर, मला एवढंच हवं होतं की डबे चुकावेत, अप्पांनी हात वर करून थांबवावं, मागे वळून मला शोधावं आणि म्हणावं, "तंबुरा घे रे." यापलीकडे माझी बुद्धी गेली नव्हती.

तीन चाळीसला मी बटण दाबलं. पाच मिनिटांनी तंबी धापा टाकत आला. त्यानं पहिल्या डब्याच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि पटकन उचलला. "चांगलं तापलंय!" चैत्रातलं तंजावूरचं ऊन होतं ते. "छेड, अण्णा." मी तंबुरा छेडला, त्यानं गुंडी फिरवून डबे तंबुऱ्याशी मिळवले आणि मान डोलावली. अप्पा आले. त्यांनी तंबुरा गवसणीत घालून कोपऱ्यात ठेवायला सांगितला. मी पुढे, पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

त्या दिवशी आख्यान होतं मारुतीनं समुद्र ओलांडल्याचं. अप्पा आधी मराठीत सांगत, मग तेच तमिळमध्ये, आणि दोन्हींत विनोद वेगळे असत. पूर्वार्ध फार सुंदर झाला. अप्पांच्या भिवया किती बोलतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. वानरांची सभा भरली आहे, प्रत्येक वानर आपल्याला किती लांब उडी मारता येते ते सांगतो, आणि अप्पा प्रत्येकाला तंजावुरातल्या एकेका तऱ्हेच्या माणसाचं तोंड देतात. एक वानर बरोबर आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कसारखं, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारं. तेव्हा अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. त्या क्षणी मी खरंच विसरलो होतो.

मग माझं लक्ष मृदंगमामांकडे गेलं. ते खड्यानं मृदंगाची वादी ठोकत होते. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. प्रत्येक वेळी ते वर झावळ्यांकडे पाहत, या दमट हवेनं माझं कातडं सैल पडतंय असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांना श्रुती चढते आहे हे कळत नव्हतं, आपला मृदंग उतरतो आहे असंच वाटत होतं. तंबी एका बाजूला बसून अप्पांकडे तल्लीन होऊन पाहत होता. आणि अप्पा श्रुती सोडणाऱ्यांतले नव्हते. आयुष्यभर त्यांनी एकच केलं होतं, मागचा सूर जिथे असेल तिथे आपला सूर ठेवणं. डबे चढत होते आणि अप्पा त्यांचं बोट धरून चढत होते.

मी उठून ओरडू शकलो असतो. निदान तंबीला खूण करू शकलो असतो. मी मांडी बदलली.

मारुती महेंद्र पर्वतावर चढला. अप्पांच्या घराण्याची तिथे एक ठरलेली जागा होती. मारुती झेप घेतो तिथे वरचा षड्ज लावायचा आणि समुद्र संपेपर्यंत धरायचा. लोक त्या जागेसाठी येत. अप्पांनी दोन्ही हात उचलले, षड्ज लावला, आणि तो आरशावर खडा पडल्यासारखा फुटला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा फुटला. मृदंगमामांचा हात थांबला. मागून कोणीतरी तमिळमध्ये म्हणालं, "मारुती पाण्यात पडला हो!" आणि चारपाच जण हसले.

अप्पाही हसले. "म्हातारा झाला मारुती," ते म्हणाले, "आज नावेनं जाऊ." आणि त्यांनी पुढचं सगळं आख्यान खालच्या सुरांत, जवळजवळ बोलत पुरं केलं. पण बारा वर्षं मागून न दिसलेलं त्यांचं तोंड आज माझ्यासमोर होतं. ते हसणं ओठांतच राहिलं होतं, डोळ्यांपर्यंत आलं नव्हतं.

आरती होताच मी पुढे होऊन डबे बंद केले. हे कोणी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर अप्पा ओसरीवर बसले. मृदंगमामा बरोबर होते. तंबी उभाच होता, त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मामा, माझी आई चढली असणार. येताना मी गवसणीतला तंबुरा छेडून पाहिला. तुम्ही शेवटी गात होता त्याहून तो खूप खाली होता."

"तंबुरा उतरतो रे उन्हात," अप्पा म्हणाले. "नेहमीच उतरतो."

"माझं कातडंही सारखं उतरत होतं," मृदंगमामा म्हणाले. "शंभर वेळा ठोकलं असेल."

अप्पांनी उपरण्यानं मान पुसली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "डबे किती वाजता चालू केलेस?"

चौघंही माझ्याकडे पाहत होते, आई दारात होती.

"तीनला," मी म्हणालो.

"बरोबर तीनला?"

"बरोबर तीनला, अप्पा."

"मग झालं," अप्पा म्हणाले. "लाकूड उतरतं, कातडं उतरतं. गळाही उतरतोच की कधीतरी. पत्र्याचा डबा तेवढा उतरत नाही." आणि तंबीच्या दंडावर हात ठेवून म्हणाले, "तू का रडतोस? इतके दिवस सगळे मज चढवून ठेवत होते. तुझ्या डब्यानं खरं सांगितलं."

एवढं झाल्यावरही मला आधी टोचलं ते काय, तर शाबासकी पुन्हा त्यालाच मिळाली.

तंबीनं दुसऱ्या दिवशी सगळे डबे उघडले. व्हॉल्व्ह दुकानात परत गेले, वेटोळी सुटली, सात गुंड्या एका पिशवीत गेल्या. अप्पा नको म्हणत होते, पण त्यानं ऐकलं नाही. त्या पावसाळ्यात तो मद्रासला एका रेडिओच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि आमचं घर सोडून गेला.

अप्पांनी पुन्हा कीर्तन केलं नाही. पहाटेचा रियाजही थांबला. मी आपण होऊन उठे, तंबुरा पुसून ठेवी. ते म्हणत, "राहू दे रे." वरचा षड्ज त्यांनी पुन्हा एकदा जरी लावून पाहिला असता, घरात, साध्या तंबुऱ्यावर, तर तो लागला असता. मला तशी खात्री आहे. पण फुटेल या भीतीनं त्यांनी तो कधी लावला नाही. नवरात्र जवळ आलं तशी कुंभकोणमहून, पापनाशमहून बोलावणी आली. त्यांचं अक्षर थरथरत असे म्हणून उत्तरं माझ्याकडून लिहवून घेत. "गळा उतरला आहे, क्षमा असावी." अशी तीन पत्रं मी माझ्या हातानं लिहिली. तिसऱ्या पत्रावर पत्ता लिहिताना मला ते सहन होईना.

अप्पा आरामखुर्चीवर होते. मी त्यांच्या पायाशी खाली बसलो आणि सांगितलं. तीनला नाही, तीन चाळीसला चालू केले. मुद्दाम केलं. डबे उन्हात मीच सरकवले. तुमचा गळा उतरला नव्हता, श्रुती चढली होती. मी खोटं बोललो, अप्पा.

ते ऐकत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही आलं की मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"हे तू मज बरं वाटावं म्हणून सांगतोस," ते म्हणाले.

"नाही अप्पा, खरंच..."

"अरे, मज कळत नाही का? म्हाताऱ्यानं पुन्हा उभं राहावं म्हणून एवढा मोठा दोष स्वतःवर घेतलास! असं कोण करतं?" मग ते आईला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का, हा काय म्हणतो ते? मी याला कधी ओळखलंच नाही ग. गाणं नाही याच्यात म्हणून मनात थोडं वाईट वाटायचं. पण मन बघ याचं."

आईनं डोळ्यांना पदर लावला.

मी आणखी एकदा "नाही" म्हणालो असेन. मला नीट आठवत नाही. पुरावा दाखवायला डबे नव्हते. पण तंबी होता. मद्रासला एक कार्ड टाकलं असतं तर तो रात्रीच्या गाडीनं आला असता, नवे डबे केले असते, आणि तीन वाजता लावलं तर काय होतं आणि तीन चाळीसला लावलं तर काय होतं ते अप्पांच्या समोर पेटी ठेवून दाखवलं असतं. अप्पांना त्यांचा गळा परत मिळाला असता. माझ्या टेबलावर कोरी कार्डं होती. मी एकही लिहिलं नाही. अप्पा आल्यागेल्याला माझ्याविषयी सांगू लागले होते. मी कचेरीतून आलो की खुर्चीवरून म्हणत, "ये रे, बैस इथे," आणि मी त्यांच्या समोर बसत असे. नऊ वर्षं मी त्यांच्या समोर बसलो. ते गात नव्हते.

आता अप्पा नाहीत. हल्ली मोठ्या मैफलींत कारखान्यात तयार झालेल्या विजेच्या श्रुतिपेट्या दिसतात, पुस्तकाएवढ्या लहान. मागे तंबी आला होता तेव्हा कोणीतरी त्याला म्हणालं, "तुम्ही म्हणे हे पूर्वीच केलं होतं?" तो माझ्यासमोर म्हणाला, "केलं होतं. माझ्या डब्यानं मामांचं गाणं बंद पाडलं. त्यानंतर मी त्या वाटेला गेलो नाही." तो आयुष्यभर दुसऱ्यांचे रेडिओ जुळवत राहिला. मी शेजारी बसून कापी पीत होतो.

मी हे मराठीत लिहितो आहे, आणि त्याला देवनागरी वाचता येत नाही. आम्हा तंजावुरी मराठी लोकांतल्या बहुतेकांना येत नाही. हे छापून आलं तरी त्याच्यापर्यंत आपोआप पोचणार नाही. ते मलाच त्याच्यासमोर बसून वाचून दाखवावं लागेल, आणि तो मध्ये थांबवून विचारेल, "बरोबर किती वाजता, अण्णा?" तेव्हा सांगावं लागेल. तीन चाळीस.